नाशिकची लेणी सोपाऱ्याच्या पैशावर उभी राहिली का?

त्रिरश्मी: पांडवलेण्यांत १० क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या भिंतीवर उषवदाताचा लेख आहे. नहपान या क्षत्रप (शक) राजाचा हा जावई भरुकच्छ (भडोच), दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग इथे चौसोपी धर्मशाळा बांधल्याचं सांगतो. गोवर्धन आपल्या गंगापूरजवळचं, शोर्पारग म्हणजे सोपारा, आजचं नालासोपारा. थळ घाटाने माल बंदरावर उतरायचा आणि पैसा वर यायचा. त्याच पैशावर ही लेणी कोरली गेली असं माझं ठाम मत आहे. सहलीला आलेल्या पोरांना कुणी हे सांगत नाही, याचं वाईट वाटतं.

गोदाकाठ: लेख मान्य, निष्कर्ष नाही. ती यादी दानधर्माची आहे, व्यापाराची नाही. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी व्यापार-पुस्तकात पैठण-तगरचा (आजचं तेर) माल गाड्यांनी भडोचला जातो. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजंसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेत. आणि आजच्या नालासोपाऱ्यातून समुद्र गाठायला कळंब-राजोडीपर्यंत जावं लागतं. हे कसलं बंदर?

सोपारकर सून: माहेर नाशिकरोड, सासर सोपारा, म्हणून राहवलं नाही. जुनं बंदर उघड्या समुद्रावर नव्हतंच, खाडीत होतं. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी. मधलं पाणी गाळाने भरत गेलं. १८८२ मध्ये संशोधक भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्यातल्या बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत करंडक (अवशेषांच्या डब्या) आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती निघाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भातेला तळ्याजवळ मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला. कोळ्यांच्या चार झोपड्यांसाठी सम्राट शिलालेख कोरत नाही.

गोदाकाठ: शहर मोठं होतं, यावर वादच नाही ताई. प्रश्न नाशिकच्या पैशाचा आहे. त्याच उषवदाताने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे कारागीर संघांकडे, ठेवले: २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० पाऊण टक्क्याने. भिक्षूंच्या चीवरांचा (वस्त्रांचा) खर्च त्या व्याजातून. म्हणजे इथल्या मागांवर राजघराण्याचा विश्वास होता. नाशिकच्या कारागिराचं श्रेय बंदराला का द्यायचं?

त्रिरश्मी: श्रेय कुणी काढून घेत नाही. पण इतकं व्याज नेमाने देणाऱ्या श्रेणीचं कापड फक्त गोदाकाठच्या बाजारात खपत होतं? पेरिप्लसमध्ये भडोचनंतरच्या बंदरांत सुप्पारा, म्हणजे सोपारा, येतंच. आणि जहाजं वळवण्याची गोष्ट क्षत्रप-सातवाहन झगड्याच्या दिवसांतली. तेवढ्यावरून शतकांचा व्यापार पुसता येत नाही.

गोदाकाठ: कापड गेलं असेल. सोपाऱ्यालाच गेलं, भडोचला नाही, हे सांगणारी एक ओळ लेण्यांत दाखवा, लगेच मान्य करतो.