तिशीच्या आत ताठरता येईना झाली, तर आधी रक्त तपासायचं की मन?

रात्रपाळी_शिरोली

वय 29. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर आहे. लग्नाला सव्वा वर्ष झालं. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मला ताठरता येईना झाली. आली तरी मध्येच जायची. एका मित्राला कसंबसं सांगितलं, तर तो म्हणाला, "लगा, या वयात असलं काय नसतंय. मनाचं हाय सगळं." आणि खिशातनं ताठरतेच्या दोन निळ्या गोळ्या, व्हायग्रासारख्या, काढून हातावर ठेवल्या.

त्यातली एक मी घेतली मटण आणि तांबडा-पांढरा दाबून जेवल्यावर. तासाभरात काहीच होईना, म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेलीही गिळली. मध्यरात्री डोकं फुटायची वेळ आली, नाक चोंदलं, ट्यूबलाइट निळसर दिसायला लागली. तेलकट-तुपकट जेवणावर ही गोळी उशिरा लागू पडते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. नुसती गोळी गिळून काही होत नाही, मनात इच्छा आणि जवळीकही असावी लागते, हेही नाही.

असे सात महिने गेले. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न होता, "रात्री लघवीला किती वेळा उठतोस?" मी म्हटलं तीनदा, रात्रपाळीमुळे पाणी जास्त होतं. दुसरा प्रश्न, घरात कुणाला साखर आहे का. वडिलांना आहे. उपाशीपोटी साखर निघाली 188, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी चाचणी 8.6 टक्के. म्हणजे मला मधुमेह होता आणि मी मन खंबीर करत बसलो होतो.

डॉक्टरांनी कागदावर रेघा मारून दाखवलं. मेंदूतून इशारा निघतो, शिरांमध्ये (म्हणजे मज्जातंतूंमध्ये) नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त भरतं आणि ते आत अडवून धरलं जातं. तिथल्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या. हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. साखर, तंबाखू, रक्तदाब यांनी नळ्या खराब व्हायला लागल्या की बारीक नळी आधी बोलते. हृदयाचा त्रास कधी कधी त्यानंतर काही वर्षांनी दिसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. तीन महिन्यांच्या वर त्रास टिकला तर वय न बघता आधी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासा. "मनाचं आहे" हे वाक्य तपासणीनंतर बोलायचं.

उत्तरेश्वर_पेठ

भावा, तुझ्या बाबतीत बरोबर आहे. पण सगळ्यांना हाच नियम लावू नकोस. माझी उलटी गोष्ट ऐक.

मी 26 चा होतो. एका खाजगी ठिकाणी साखरेपासून हार्मोनपर्यंत सहा हजारांचं पॅकेज गळ्यात मारलं. सगळं नॉर्मल. त्या कागदांनी धीर यायचा तर मी जास्तच खचलो, कारण आता वाटायला लागलं की यंत्रालाही सापडत नाही असं काहीतरी झालंय. पुढचे चार महिने मी बायकोच्या आधी झोपल्याचं सोंग करत काढले.

एक साधी गोष्ट मला कुणीच विचारली नव्हती: पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का? माझी असायची, रोज. एकट्याने असतानाही यायची. फक्त बायकोजवळ जायची. म्हणजे नळ्या आणि शिरा चालू होत्या, अडवत होती ती भीती. घाबरल्यावर अंगात अॅड्रेनलिन सुटतं, ते रक्तवाहिन्या आवळतं. कुत्रं मागे लागल्यावर पळायला ते कामाचं, इथे नाही.

आणि भीती का नसावी? आमचं घर दोन खोल्यांचं. मधे दार नाही, पडदा आहे. पलीकडे आई-वडील. आईला झोप कमी, पलंग कुरकुरला की खोकायची. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात आत्या विचारून गेली, "काय गोड बातमी?" यात कुठल्या रक्तात काय सापडणार?

समुपदेशक बाईंनी आम्हाला सांगितलं, तीन आठवडे संबंध ठेवायचेच नाहीत. फक्त हात, पाठ, केस, नुसता स्पर्श, आणि त्यातनं पुढे काही व्हायलाच पाहिजे असं नाही. ही पद्धत मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीने 1970 च्या सुमारास मांडलेली. आम्ही गादी जमिनीवर घातली. दुसऱ्या आठवड्यात परीक्षेला बसल्यासारखं वाटायचं थांबलं. गोळी एकही नाही. म्हणून म्हणतो, तरुणाला आधी बोलतं करा, सुया नंतर.

रात्रपाळी_शिरोली

पहाटेचा प्रश्न मलाही विचारला होता. माझं उत्तर "कमी झालंय" असं होतं, आणि त्यावरनंच डॉक्टरांनी साखर बघायची ठरवली. पण तुझी पहाट नीट होती म्हणून पुढच्याने तपासणी टाळावी, हे मला पटत नाही. सहा हजारांचं पॅकेज नकोच. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल. इच्छाच मेली असेल तर सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन. बाकीचं डॉक्टर सांगतील तर. सरकारी दवाखान्यात हे थोड्या पैशात होतं.

लाल_माती

मी तालमीत वाढलेला माणूस. आमच्या वस्तादांनी शिकवलं, वीर्याच्या एका थेंबाला रक्ताचे चाळीस थेंब लागतात. आजची पोरं मोबाइलवर घाणेरडं बघून हात चालवतात आणि मग डॉक्टर शोधतात. पहाटे उठा, जोर-बैठका मारा, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्या, लंगोट सांभाळा. ना गोळी लागेल ना समुपदेशक बाई.

उत्तरेश्वर_पेठ

वस्तादांबद्दल आदर ठेवून सांगतो, तो चाळीस थेंबांचा हिशेब खोटा आहे. वीर्य रक्त आटवून होत नाही आणि हस्तमैथुनाने नपुंसकत्व येत नाही. या एका समजुतीने आपल्याकडे किती पोरं कुढत बसली आहेत. लघवीतनं "धातू" जातो म्हणून माझा चुलतभाऊ दोन वर्षं रडत होता. त्याला आजार कुठलाच नव्हता, होती ती भीती, आणि तीच त्याला खात होती.

रात्रपाळी_शिरोली

जोर-बैठकांशी मात्र मी शंभर टक्के सहमत. मी आता ड्युटी सुटली की रंकाळ्याला तासभर चालतो, तंबाखूचा मावा बंद केला, साखर औषधाने उतरतेय. पण मामा, आज तालमीच्या शेजारच्या जिममध्ये काय चाललंय तेही बघा. छाती फुगवायला पोरं इंजेक्शनं घेतात. बाहेरनं टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर आपलं स्वतःचं बनवायचं बंद करतं, अंडकोष लहान होतात, आणि इंजेक्शन सोडल्यावर महिनोन्‌महिने काही जमत नाही. त्यांच्याशी बोला, तुमचं ऐकतील.

लाल_माती

इंजेक्शनाचं खरं आहे. आमच्यातला एक हत्तीसारखा गडी त्यातच संपला. त्या पोरांशी बोलतो. लंगोटाचं मात्र माझं मत बदलत नाही.

काउंटरच्या_मागून

माझं औषधाचं दुकान आहे. संध्याकाळी आठनंतर तरुण पोरं येतात, आधी खोकल्याची गोळी मागतात, दुकान रिकामं व्हायची वाट बघतात, मग हळूच नाव सांगतात. मी चिठ्ठीशिवाय देत नाही. पोरगं रागावून पुढच्या दुकानात जातं, आणि तिथं मिळते हेही मला माहीत आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने ही गोळी घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. घरात वडिलांच्या डब्यात आणि मुलाच्या खिशात या दोन गोळ्या असतात. चार तासांवर ताठरता उतरली नाही तर तडक दवाखाना गाठायचा, लाजायचं नाही. आणि भिंतीवरच्या "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" वाल्यांची चूर्णं आयुर्वेदाची म्हणून घेऊ नका. अशा चूर्णांत हेच औषध न सांगता मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. असल्या जाहिरातींना 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे, तरी भिंती रंगलेल्या आहेत.

जुनी_वहिवाट

सगळं ठीक, पण एक सांगतो. बायकोला यातलं काही कळू देऊ नका. माहेरी गोष्ट गेली की गावभर होते, मग सोडचिठ्ठीपर्यंत जातं. परस्पर डॉक्टर गाठा, बरे व्हा, विषय संपला.

माहेर_गडहिंग्लज

मी बायको आहे म्हणून लिहिते. माझ्या नवऱ्याने हेच केलं. अकरा महिने मला काही कळू दिलं नाही. तो पाठ फिरवून झोपायचा आणि मी आरशापुढे उभी राहून स्वतःत दोष शोधायचे. रंग, पोट, तोंडाला वास येतो का. बाहेर कुणी आहे का म्हणून त्याचा मोबाइलसुद्धा तपासला, त्याची मला आजही लाज वाटते. सासूबाई मला नारळाची ओटी भरायला देवीला पाठवत होत्या. ज्या दिवशी त्याने सांगितलं त्या दिवशी मी रडले, ते सुटल्यासारखं वाटलं म्हणून. माहेरी एक शब्द गेला नाही. तुम्ही म्हणता गावभर होतं, पण मी तर तेव्हा गप्प राहूनच मरत होते.

जुनी_वहिवाट

ताई, तुमच्यासारख्या सगळ्या नसतात. माझ्या मित्राचं खरंच कोर्टापर्यंत गेलं. म्हणून भीती वाटते.

माहेर_गडहिंग्लज

दादा, त्यांना कळलं कधी? त्याने सांगितल्यावर, की लपवलेलं सापडल्यावर?

जुनी_वहिवाट

सापडल्यावर.

रात्रपाळी_शिरोली

माझंही सापडल्यावरच. पॅन्ट धुवायला टाकली होती, खिशात अर्धी स्ट्रिप. बायकोने ती कोरडी करून टीव्हीवर ठेवली आणि काही न बोलता भाकरी थापत बसली. मी जवळ जाऊन बसलो, तव्यावरची भाकरी करपली तरी दोघांपैकी कुणी उलटली नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात केसपेपर काढायला रांगेत तीच उभी राहिली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, काय त्रास आहे? मी खाली बघत होतो. ती म्हणाली, "ते डॉक्टरांना सांगतील. तुम्ही नाव लिवा."