कॅरिबियन: पाच बेटं, १६ रात्री. डेटा प्लॅन एकच घ्यावा की बेटागणिक वेगळा?

गलबत_२ (प्रश्न)

मार्चमध्ये कॅरिबियनचा बेत आहे. क्रम असा: पोर्तो रिको (सान हुआन) २ रात्री, सेंट मार्टिन ३, ग्वाडलूप ४, तिथून फेरीने डॉमिनिका ३, पुन्हा फेरीने सेंट लुशिया ४. माणसं दोन, फोन दोन. एका फोनमध्ये ई-सिम (कार्ड न घालता क्यूआर कोडने फोनमध्ये उतरवायचं सिम) चालतं, दुसऱ्यात फक्त साधी नॅनो सिम.

'कॅरिबियन, २०-२५ देश, ३० दिवस' अशा छापाचे ई-सिम दिसतात. जीबीमागे हिशेब केला तर ते एकेका देशाच्या प्लॅनपेक्षा बरेच महाग पडतात. वापर म्हणजे नकाशे, व्हॉट्सअ‍ॅप आणि रोज अर्धा तास व्हिडिओ कॉल. रात्री मुक्कामी वायफाय आहे.

विचारायचं एवढंच: एकच प्रादेशिक प्लॅन घ्यावा की बेटागणिक वेगळा? जीबी किती? आणि भारतातल्या सिमवर बँकेचे ओटीपी येत राहावेत पण रोमिंगचं बिल येऊ नये, हे कसं जमवायचं?

सागरगोटा

जीबी नंतर बघू. आधी हे बघा की तुमच्या पाच बेटांवर झेंडे कोणाचे आहेत, कारण प्लॅनच्या यादीत बेट बसतं की नाही हे त्यावरच ठरतं.

पोर्तो रिको अमेरिकेचं. अमेरिकेचं नेटवर्क, अमेरिकेचे क्रमांक (७८७, ९३९). पण ई-सिम विकणारे काहीजण 'अमेरिका' आणि 'पोर्तो रिको' वेगवेगळे दाखवतात. यादीत पोर्तो रिको हे नाव लिहिलेलं दिसेपर्यंत अमेरिकेचा प्लॅन घेऊ नका.

ग्वाडलूप म्हणजे फ्रान्स, म्हणजेच युरोपियन युनियन. युनियनमधल्या कंपनीचं खरंखुरं सिम असेल तर तिथे रोमिंगचा जादा आकार लागत नाही. हा नियम १५ जून २०१७ पासून आहे आणि २०३२पर्यंत वाढवला आहे. मात्र 'युरोप' नावाने विकल्या जाणाऱ्या प्रवासी ई-सिमवर हे बंधन नाही. कुणी त्यात ग्वाडलूप घालतो, कुणी नाही. यादीत ते 'फ्रेंच अँटिल्स' किंवा 'फ्रेंच वेस्ट इंडीज' या नावाखालीही लपलेलं असतं.

सेंट मार्टिन हे एक बेट, दोन देश. उत्तर भाग फ्रेंच (मारिगो, ग्रँड केस), दक्षिण भाग डच (फिलिप्सबर्ग, सिम्पसन बे आणि मोठा विमानतळ). फ्रेंच भाग युरोपियन युनियनच्या रोमिंगमध्ये येतो, डच भाग येत नाही. काही याद्यांमध्ये डच भाग अजूनही 'नेदरलँड्स अँटिल्स' म्हणून येतो. ती व्यवस्था १० ऑक्टोबर २०१० लाच संपली, पण याद्या कोण बदलतंय!

डॉमिनिका आणि सेंट लुशिया हे स्वतंत्र देश. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते नावात. डॉमिनिका वेगळं आणि डॉमिनिकन रिपब्लिक वेगळं. पहिल्याचा कोड +१ ७६७, दुसऱ्याचे +१ ८०९, ८२९, ८४९. प्लॅनच्या यादीत 'डॉमिनिकन' वाचून पैसे भरले आणि डॉमिनिकाच्या राजधानीत, रोझोच्या धक्क्यावर उतरलात तर फोनला टॉवर दिसेल, डेटा मिळणार नाही.

शिवाय तुमच्या यादीत नसलेलं सहावं बेटही प्लॅनमध्ये हवं: मार्टिनिक. डॉमिनिका आणि सेंट लुशिया यांच्या मधोमध ते बसलंय आणि फेरी बहुधा फोर-द-फ्रान्सला थांबा घेऊन जाते.

तुमच्या क्रमाला एकच प्रादेशिक ई-सिम सोयीचं, कारण १६ रात्रींत सहा वेळा प्रशासन बदलतंय. एका बेटावर आठवडाभर राहणाऱ्याला मी हे सांगितलं नसतं.

टॉवरखाली

वरच्या यादीला पुस्ती. प्लॅन घेण्याआधी फोन तपासा, नाहीतर प्लॅन बरोबर असूनही नेट रडतं.

*#०६# डायल करा. आयएमईआयसोबत ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोनला ई-सिम आहे. फोन कोणत्याही कंपनीला लॉक केलेला नसावा. मग मॉडेल क्रमांकावरून फोरजीचे बँड, म्हणजे फोन कोणत्या लहरींवर सिग्नल पकडतो ते, बघा. पोर्तो रिको आणि इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवर अमेरिकी पद्धतीचे बँड बरेच आहेत: २, ४, ५, १२, १७. फ्रेंच बेटांवर युरोपी पद्धत: ३, ७, २०. युरोप-आशियासाठी बनवलेल्या स्वस्त फोनमध्ये १२ आणि १७ बऱ्याचदा नसतात. हे ७०० मेगाहर्ट्झचे, लांब पोचणारे आणि भिंतीतून आत शिरणारे बँड. ते नसतील तर गावात नेट चालतं, डोंगराच्या वळणावर किंवा खोलीत शिरल्यावर पडतं. दोष प्लॅनला दिला जातो. दोन फोनपैकी ज्यात जास्त बँड आहेत त्यालाच हॉटस्पॉट करा. फक्त प्लॅनमध्ये टेदरिंगला (हॉटस्पॉट देण्याला) परवानगी आहे ना, ते वाचा.

आता सेंट मार्टिन. बेट सगळं मिळून ८७ चौरस किलोमीटर, हद्दीवर नाका नाही. ऑयस्टर पाँडसारख्या हद्दीलगतच्या जागी फोन एका खोलीत फ्रेंच आणि गच्चीत डच टॉवर धरू शकतो. तुमच्या प्लॅनमध्ये एकच बाजू असेल तर 'ऑटोमॅटिक' बंद करून नेटवर्क हाताने निवडा. शोध पूर्ण व्हायला एक-दोन मिनिटं लागतात, मध्येच मागे येऊ नका. नावाऐवजी नुसते आकडे दिसले तर पहिले तीन वाचा: ३४० म्हणजे फ्रेंच बाजू, ३६२ म्हणजे डच. ग्वाडलूप आणि मार्टिनिकवरही ३४०च.

हाच खेळ सेंट लुशियाच्या उत्तर टोकाला होतो. मार्टिनिक तिथून सुमारे ३० किलोमीटर, मध्ये मोकळं पाणी, त्यामुळे समुद्राकडे तोंड केलेल्या खोलीत फोन पलीकडचा टॉवर पकडू शकतो. यादीत दोन्ही असतील तर काही करायची गरज नाही.

नारळीपाक

सागरगोटा यांच्याशी अर्धा सहमत. एकच प्रादेशिक ई-सिम ई-सिमवाल्या फोनला ठीक. दुसऱ्या, साध्या सिमच्या फोनला डॉमिनिका आणि सेंट लुशियाला स्थानिक प्रीपेड घ्या. ७ रात्री हॉटस्पॉटवर काढायच्या म्हणजे एक बॅटरी दुपारीच संपते आणि दोघांना एकमेकांपासून दहा पावलांवर राहावं लागतं.

दोन्हीकडे डिजिसेल आणि फ्लो याच दोन मोठ्या कंपन्या. सिमसाठी पासपोर्ट सोबत ठेवा. मात्र एक गैरसमज काढून टाका: दोन्ही बेटांवर पाटी एकच असली तरी डॉमिनिकाचं सिम सेंट लुशियात स्थानिक होत नाही. ते रोमिंगच धरलं जातं. एकतर त्याच कंपनीचा शेजारच्या बेटांसाठीचा रोमिंग पॅक निघण्याआधी टाका, नाहीतर दुसरं सिम घ्या. पॅक निघण्याआधीच टाकायचा, कारण रिचार्ज करायलाही नेट लागतं.

किंमत वाचताना '$' या चिन्हाकडे नीट बघा. डॉमिनिका आणि सेंट लुशियात ते पूर्व कॅरिबियन डॉलरचं असतं. १ अमेरिकी डॉलरला २.७० पूर्व कॅरिबियन डॉलर, हा दर १९७६ पासून बांधलेला आहे. म्हणजे फलकावर २७ दिसले तर ते १० अमेरिकी डॉलर. कार्डाच्या मशीनवर रक्कम कोणत्या चलनात आहे ते बघूनच पिन दाबा.

आणखी एक फरक जाहिरातीत लिहीत नाहीत. बरीच प्रवासी ई-सिम तुमचा डेटा आधी त्या सिमच्या मूळ देशातल्या कंपनीकडे नेतात आणि मग इंटरनेटला सोडतात. ती कंपनी युरोपात किंवा आशियात असली तर डेटाचं प्रत्येक पाकीट समुद्र ओलांडून जातं आणि येतं. डाउनलोडचा वेग चांगला दिसतो, पण व्हिडिओ कॉलमध्ये बोलणं एकमेकांवर आदळतं. काही बँकांची अ‍ॅप्सही भलत्याच देशाचा पत्ता बघून अडून बसतात. स्थानिक सिमचा डेटा तिथेच बाहेर पडतो. रोजचा कॉल कामाचा असेल तर हा मुद्दा जीबीपेक्षा मोठा.

सागरगोटा

कॉलचा मुद्दा मान्य. दुसऱ्या फोनला स्थानिक सिम, पटलं.

जीबीचं बोलू. अर्ध्या तासाच्या व्हिडिओ कॉलला साधारण २०० एमबी धरा. रोज मोबाइल डेटावर केला तर १६ दिवसांत ३ जीबीच्या वर. वायफायवर केला तर शून्य. नकाशे आधी उतरवून ठेवले तर रस्ता दाखवायला किरकोळ डेटा लागतो. खरा राक्षस म्हणजे फोटोंचा बॅकअप. आयफोनवर ४के, ३० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला सुमारे १७० एमबी होतो. धबधब्याच्या सहा मिनिटांनी एक जीबी गेला आणि तुम्हाला कळलंही नाही. बॅकअप फक्त वायफायवर ठेवलात तर एका माणसाला ५ जीबी पुरतात, हॉटस्पॉट देणार असाल तर १० घ्या.

'रोज १ जीबी' वाले प्लॅन घेण्याआधी त्यांचा दिवस कधी बदलतो ते विचारा. काहींचा दिवस जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री बदलतो. तुमची सगळी बेटं त्या वेळेच्या ४ तास मागे आहेत, म्हणजे नवा जीबी रात्री ८ वाजता मिळणार. भर दुपारी संपला तर आठ वाजेपर्यंत कूर्मगतीने चालवायचं.

गलबत_२

खूप उपयोगी. मार्टिनिक डोक्यातच नव्हतं. ओटीपीचं राहिलं. आणि ई-सिम आधी टाकून ठेवलं तर दिवस मोजायला लागतात का?

टॉवरखाली

ओटीपी: भारतातल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा निघण्याआधी, भारतात असतानाच चालू करून घ्या. परदेशातून ते करायला जाल तर त्याचाच ओटीपी येत नाही. आलेला एसएमएस वाचायला साधारणपणे पैसे पडत नाहीत, तरी आपल्या प्लॅनचं दरपत्रक बघा. आलेला फोन उचलला की पडतात. म्हणून ते सिम चालू ठेवायचं, पण त्यावरचं डेटा रोमिंग बंद.

ई-सिमच्या ओळीवर उलटं, डेटा रोमिंग चालू. सगळं बरोबर करूनही नेट येत नाही अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हेच एक बटण असतं. तरीही नाही आलं तर विक्रेत्याने दिलेला एपीएन (डेटा जोडणीचं नाव) फोनच्या सेटिंगमध्ये हाताने भरा, मग विमान मोड ३० सेकंद लावून काढा.

आयफोन असेल तर आणखी एक बटण: 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग' बंद करा. ते चालू राहिलं आणि ई-सिमचा सिग्नल गेला तर फोन गुपचूप दुसऱ्या सिमच्या डेटावर उडी मारू शकतो.

दिवसांचं विक्रेत्यावर आहे. कुणी क्यूआर कोड टाकल्यापासून मोजतो, कुणी पहिल्यांदा टॉवरला जोडल्यापासून. दुसऱ्या प्रकारचं असेल तर घरच्या वायफायवर टाकून ठेवा आणि ती ओळ बंद करा. पहिल्या प्रकारचं असेल तर विमानतळाच्या वायफायवर टाका, पण कोडचा छापील कागद किंवा दुसऱ्या फोनवर फोटो हवा. ज्या फोनवर कोड आहे त्याच फोनच्या कॅमेऱ्याने तो वाचता येत नाही. आणि नेट चालेना म्हणून रागाने ई-सिम डिलीट करू नका. बरेच कोड एकदाच चालतात.

नारळीपाक

दोन फुटकळ गोष्टी. टॅक्सीवाल्याला किंवा मुक्कामाच्या ठिकाणी साधा फोन लावताना +१ बघून स्थानिक कॉल समजू नका. पोर्तो रिको, सेंट मार्टिनचा डच भाग (७२१), डॉमिनिका, सेंट लुशिया (७५८) सगळे +१ मध्येच येतात, पण एकाचा दुसऱ्याला कॉल आंतरराष्ट्रीयच. ग्वाडलूप आणि सेंट मार्टिनचा फ्रेंच भाग +५९०. त्यामुळे फिलिप्सबर्गहून मारिगोला साधा फोन म्हणजेही परदेशी कॉल. व्हॉट्सअ‍ॅपवरूनच करा.

डॉमिनिकात बॉइलिंग लेकचा ट्रेक असेल तर त्या दिवशी कुठल्याही प्लॅनकडून अपेक्षा ठेवू नका. बेट ज्वालामुखीचं, मॉर्न डायब्लोटिन्स १,४४७ मीटर, दऱ्या खोल, टॉवर किनाऱ्याच्या गावांत. नकाशा उतरवताना नुसतं रोझो शहर नको, अख्ख्या बेटाचा चौकोन निवडा. आणि तो ग्वाडलूपच्या वायफायवरच उतरवून घ्या, फेरीवर बसल्यावर आठवेल तेव्हा सिग्नलची एकच काडी असेल.