मेमधली सिमला-मनाली ट्रिप : विमा घ्यायचा की नाही?

नीलिमा (ए-५०३): नमस्कार मंडळी. मेच्या ट्रिपला आपण १४ जण नक्की झालो. पुणे-दिल्ली विमानाची तिकिटं काढतेय, तर पैसे भरायच्या आधी ‘प्रवास विमा हवा का’ असं विचारतायत. माणशी वेगळे पैसे. देशातल्या देशात कसला विमा, असं ह्यांचं म्हणणं. काय करू? तिकीट तसंच अर्धवट ठेवलंय.

सतीश (बी-२०२): नको घेऊस. परदेशी जाताना ठीक आहे. इथे सगळ्यांचा मेडिक्लेम आहेच की.

मेधा (बी-७०१): सतीशदादा, मीही हेच म्हणायचे. मागच्या डिसेंबरात उदयपूरला आमच्या आई हॉटेलच्या पायरीवरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मेडिक्लेम होता, पण कागद इथे, त्यांच्या कपाटात. रात्री साडेदहाला गोखलेकाकांनी त्यांच्याकडच्या किल्लीने आमचं घर उघडलं, फाइल शोधली आणि एकेक पानाचे फोटो पाठवले. काका, ते आम्ही कधी विसरणार नाही.
हॉस्पिटल विमा कंपनीच्या यादीत नव्हतं, म्हणून पैसे आधी आम्ही भरले. ऑपरेशनचे नंतर बहुतेक मिळाले. पण आमची परतीची तिकिटं बुडाली, नऊ दिवस हॉस्पिटलसमोर लॉजवर राहिलो, दीर पुण्याहून धावत आले त्यांचं भाडं, आणि आईंना बसवेना म्हणून उदयपूरपासून पुण्यापर्यंत ॲम्ब्युलन्स. यातलं काहीही मेडिक्लेममध्ये बसलं नाही. कंपनीची चूक नव्हती, पॉलिसीत तसंच लिहिलं होतं. आम्ही वाचलं नव्हतं.

सतीश (बी-२०२): हे माहीत नव्हतं वहिनी. आई आता कशा आहेत?

मेधा (बी-७०१): काठी घेऊन खालच्या बागेपर्यंत येतात. 🙏

गोखले (ए-१०१): मेधा, त्यात काय, शेजारी कशाला असतात.
नीलिमा, ३१ वर्षं क्लेमचे कागद तपासण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी आपल्याकडे काय आहे ते प्रत्येकाने बघा.
दिल्ली-कालका तिकीट आयआरसीटीसीवर काढाल तेव्हा विम्याला ‘हो’ म्हणा. माणशी ४५ पैसे. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर १० लाख, अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत, जखमी होऊन हॉस्पिटलात राहावं लागलं तर २ लाखांपर्यंत. तिकीट ऑनलाइन काढलेलं आणि कन्फर्म किंवा आरएसी हवं. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला हा विमा नाही. गाडीत ताप आला, छातीत दुखलं, तर त्यातून काही मिळत नाही, तो अपघाताचाच आहे.
आणि तिकीट निघालं की विमा कंपनीचा एसएमएस येतो, त्यातल्या लिंकवर नॉमिनीचं नाव भरायचं असतं. हे कोणीच भरत नाही. नाव नसलं तर पैसे कायदेशीर वारसांना मिळतात, पण वारस असल्याचे दाखले जमवताना घरच्यांचा जीव जातो. मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

अनिकेत (सी-३०४): काका, बँक दरवर्षी २० रुपये कापते ते काय?

गोखले (ए-१०१): प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. १८ ते ७० वयासाठी. अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्वाला २ लाख. १ जून ते ३१ मे असं वर्ष असतं. मेच्या शेवटी खात्यात पैसे नसले तर नूतनीकरण होत नाही, तेवढं बघून ठेव.

वैशाली (सी-६०१): मग विमानाच्या पानावरचा विमा घ्यायचा की नाही? आमच्या बाबांना बीपी आणि साखर दोन्ही आहे.

गोखले (ए-१०१): वैशाली, तिकिटासोबतचा विमा बहुतेक त्या विमानप्रवासापुरता असतो. सामान हरवणं, उशीर, अपघात वगैरे. विमान कंपनीनेच रद्द केलं तर पैसे परत किंवा दुसरं विमान देणं हे तिचंच काम, त्यासाठी वेगळा विमा नको. तुमच्यासाठी आठही दिवसांची देशांतर्गत प्रवास पॉलिसी वेगळी पाहणं बरं. त्यात बघायचं काय, तर मेधाने लिहिलेलं सगळं: सोबतच्या माणसाचा राहण्याचा खर्च, परतीचं तिकीट, रुग्णाला घरी आणणं. बाबांचा बीपी आणि साखर स्पष्ट लिहा. लपवलं तर क्लेम तिथेच अडतो. जुन्या आजारासाठी किती मिळणार, काहीच नाही का, हे घेण्याआधी लेखी विचारा. फोनवर ‘हो हो, सगळं कव्हर आहे’ म्हणतात, त्याला अर्थ नाही.
ट्रिप रद्द झाली तर पॉलिसीत लिहिलेल्या कारणांनाच पैसे मिळतात. जायचा विचार बदलला, हे त्यात येत नाही.

अनिकेत (सी-३०४): मनालीजवळ सोलंगला पॅराग्लायडिंग करणार आहोत आम्ही तिघं.

गोखले (ए-१०१): बहुतेक पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. वेगळं कव्हर मिळतंय का विचार, आणि मिळालं नाही तर आईबाबांना सांगून मगच उड.

प्रकाश (ए-२०४): सिमल्याहून मनालीसाठी टेम्पो ट्रॅव्हलर मी ठरवतोय. एकजण स्वतःची १७ सीटर स्वस्तात देतो म्हणतोय, पांढऱ्या पाटीची.

गोखले (ए-१०१): प्रकाश, नको. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच हवी. खासगी गाडी भाड्याने चालवली की अपघातानंतर कंपनी भरपाई नाकारायला बघते आणि माणसं वर्षानुवर्षं कोर्टात अडकतात. परमिट आणि विमा चालू असल्याचे कागद आधी मागव. घाटातला रस्ता आहे तो.

प्रकाश (ए-२०४): त्याला आत्ताच नाही कळवतो.

मेधा (बी-७०१): अजून एक. सामान आलं नाही तर विमानतळ सोडायच्या आधी काउंटरवर तक्रार नोंदवून कागद घ्या. हॉस्पिटलची बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्जचा कागद, सगळं मूळ ठेवा. आमची दोन बिलं हरवली, तेवढे पैसे गेले.

गोखले (ए-१०१): बरोबर. आणि जानेवारी २०२४ पासून यादीत नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं, म्हणजे बिल कंपनीने थेट हॉस्पिटलला द्यायचं. अचानक दाखल व्हावं लागलं तर ४८ तासांच्या आत कंपनीला कळवा.

सतीश (बी-२०२): आणि क्लेम नाकारलाच तर?

गोखले (ए-१०१): आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटत नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. पुण्याचं कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

नीलिमा (ए-५०३): काका, मेधाताई, खूप आभार. विमानाच्या पानावरचा विमा नको म्हणते. पॉलिसी वेगळी बघू. सगळ्यांनी मेडिक्लेमच्या पहिल्या पानाचा फोटो रविवारपर्यंत मला पाठवा, मी एका फोल्डरमध्ये ठेवते. प्रकाशदादा आणि काका, तो तुमच्याकडेही राहू दे.

वैशाली (सी-६०१): बाबांची पॉलिसी सापडली. मार्चमध्ये संपली होती. उद्या सकाळी एजंटकडे जातेय.

सतीश (बी-२०२): नागपूरच्या रेल्वे तिकिटाचा एसएमएस फोनमध्येच होता. लिंक अजून चालतेय. हिचं नाव नॉमिनी म्हणून भरलं.