केडलस्टन हॉलचा इतिहास सांगायला सुरुवात कुठून करावी?

कातळरेषा (धागाकर्ता)

इंग्लंडमधील डार्बीशायरच्या केडलस्टन हॉलविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा लॉर्ड कर्झनपाशी सुरू होते आणि त्याच्यापाशीच संपते. १८५९ साली तो याच घराण्यात जन्मला, १८९९ ते १९०५ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता, त्याने बंगालची फाळणी केली आणि आशियातून जमवलेल्या त्याच्या वस्तूंचे संग्रहालय आज या हवेलीच्या तळमजल्यावर आहे. हे महत्त्वाचे आहेच; तरीही या वास्तूचा इतिहास बाहेरच्या सुमारे ८०० एकरांच्या पार्कपासून, त्यातही तिथून उठवलेल्या गावापासून सांगितला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कर्झन घराणे इथे बाराव्या शतकापासून नांदत होते. १७५८ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर नॅथॅनिएल कर्झनच्या हाती मालमत्ता आली आणि त्याने जुने घर पाडून नवे बांधायला घेतले. त्याच्या खिडक्यांसमोर तेव्हा केडलस्टन गाव होते आणि वाहता रस्ताही होता. त्याने गाव पार्कबाहेर हलवले, रस्ता दूर वळवला, ओढा अडवून त्याचे तलाव केले आणि त्यांवर तीन कमानींचा पूल बांधवला. रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराला पहिले काम मिळाले तेही पार्कमधल्या बांधकामांचे. हवेली त्याच्याकडे त्यानंतर, १७६० च्या सुमारास आली.

आज उत्तरेच्या दर्शनी बाजूने पाहिले तर गवताचा उतार, चरणारी मेंढरे, पाणी आणि पूल एवढेच दिसते. गावाच्या खुणांपैकी मध्ययुगीन चर्च तेवढे राहिले आहे, तेही हवेलीला अगदी खेटून. त्याच्या दक्षिण दारावरची नॉर्मन काळातली कोरीव कमान हवेलीहून कितीतरी शतकांनी जुनी आहे. चर्च असावे आणि आसपास एकही घर नसावे, हे कसे घडले हे सांगितल्याशिवाय पाहुण्याला आत नेणे मला अपुरे वाटते.

स्तंभावली

धागाकर्त्याशी मी सहमत नाही. गाव हलवणे ही केडलस्टनची खासियत नव्हे. ऑक्सफर्डशायरमध्ये न्यूनहॅम कोर्टनी आणि डॉर्सेटमध्ये मिल्टन ॲबस इथेही त्याच शतकात जमीनदारांनी गावे उठवून दुसरीकडे वसवली. जे अनेक ठिकाणी घडले त्यावरून एका ठिकाणाची ओळख ठरवायची आणि जे फक्त इथेच आहे ते दुय्यम मानायचे, हे मला पटत नाही.

इथे काय आहे ते तरी पाहा. मार्बल हॉलमध्ये स्थानिक अलाबास्टर दगडाचे २० उंच खांब आहेत. त्यांच्या गुलाबी-तपकिरी शिरा वरून येणाऱ्या उजेडात उमटतात, कारण या दालनाला बाजूच्या खिडक्याच नाहीत. त्यापुढचे गोल दालन रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिरावर बेतलेले असून त्याचा घुमट ६२ फूट उंच आहे. दक्षिणेची दर्शनी बाजू रोममधल्याच सम्राट कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीवरून घेतली आहे. अडीचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी आणि गिलावा करणाऱ्यांनी हे उभे केले, तेही सामान्य माणसेच होती. शिवाय व्हाइसरॉय कर्झन जन्मण्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी हे काम सुरू झाले, म्हणून साम्राज्याचा सगळा हिशेब या भिंतींवर मांडणे कालक्रमालाही धरून नाही.

हुगळीकाठ

कालक्रमाचा मुद्दा निघालाच आहे तर तो पुरता मांडू. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली याने कलकत्त्याचे गव्हर्न्मेंट हाउस, म्हणजे पुढचे राजभवन, १७९९ ते १८०३ या काळात बांधवले ते केडलस्टनच्या आराखड्यावरून. त्याचा वास्तुकार चार्ल्स वायट होता, आणि त्याचे काका सॅम्युअल वायट यांनी केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख केली होती. केडलस्टनला चार बाजूंना चार उपभवने योजली होती, पण प्रत्यक्षात दोनच झाली. कलकत्त्यात मात्र चारही पूर्ण झाली. एका इंग्रज जमीनदाराला न झेपलेला आराखडा कंपनीच्या तिजोरीतून पूर्ण झाला, याहून स्पष्ट दुवा कोणता हवा?

मराठी वाचकाने आणखी एक तारीख ध्यानात घ्यावी. १८०२ च्या डिसेंबरात वसईचा तह झाला आणि १८०३ मध्ये, म्हणजे ते भवन पुरे झाले त्याच वर्षी, असई आणि अडगाव इथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव झाला. हे युद्ध वेलस्लीच्याच कारकिर्दीतले. तेव्हा धागाकर्त्याने संग्रहालयाला मागच्या रांगेत बसवू नये. तिथला लेडी कर्झनचा मोरपिसांच्या नक्षीचा पोशाख घ्या: १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळचा, हिंदुस्थानी कारागिरांनी जरदोजीत भरलेला, प्रत्येक डोळ्यात हिरव्या किड्याच्या पंखांचे कवच शिवलेला, आणि नंतर पॅरिसच्या वर्थ या पोशाख शिवणाऱ्या पेढीकडे शिवून घेतलेला. ज्यांनी ती जर भरली त्यांच्याविषयीही तितक्याच आस्थेने लिहिले गेले पाहिजे.

कातळरेषा (धागाकर्ता)

हुगळीकाठ यांचा मुद्दा माझ्या म्हणण्याला पूरकच आहे. आपल्या दृष्टीआड लोकांना हलवता येते आणि मग त्या मोकळ्या जागेला सौंदर्य म्हणता येते, ही सवय घराण्याला आधी घरच्याच मातीत लागली, असे मी मानतो.

स्तंभावली यांना एक सांगतो. ही हवेली पहिल्यापासून लोकांना दाखवण्यासाठीच होती. १७६९ मध्येच इथल्या चित्रांची आणि पुतळ्यांची छापील यादी निघाली होती. ती हातात धरलेल्या मिसेस गार्नेट या कारभारीणबाईंचे चित्र आजही हवेलीत आहे. म्हणजे काय पाहावे हे मालकाने तेव्हाच ठरवून दिले, आणि उठवलेले गाव त्या यादीत बसणारे नव्हते. १९८७ मध्ये वास्तू नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आली तेव्हा सार्वजनिक पैसाही तिच्यामागे उभा राहिला. मग मालकाचीच यादी पुढे का चालवावी?

स्तंभावली

घराण्याला सवय लागली, हे तुमचे अनुमान आहे. १७६० च्या रस्तेबदलावरून १९०५ च्या फाळणीपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. नॅथॅनिएलला व्हाइसरॉयच्या कृत्यांसाठी जबाबदार धरणे मला अन्याय्य वाटते. हाच व्हाइसरॉय १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदा करून गेला, त्याचे श्रेय मात्र कोणी या पार्कला देत नाही.

चर्चच्या दारापाशी जुन्या गावाचा आणि जुन्या रस्त्याचा नकाशा लावावा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण मार्बल हॉलमध्ये पाऊल ठेवणाऱ्याला आधी दोषारोप ऐकवू नका; त्याला ते खांब शांतपणे पाहू द्या, आणि नकाशा बाहेर पडताना नव्हे तर आत येतानाच हाती द्या, म्हणजे दोन्ही तो स्वतः जोडील.