भुसावळच्या उन्हाळ्यात दोन गिनी पिग : पिंजरा कोणता घेऊ, ठेवू कुठे?

भुसावळकर
मंडळी, मुलगी सहावीत आहे आणि वर्षभरापासून गिनी पिग मागतेय. पुढच्या आठवड्यात दोन घरी येतील. दुकानदार सांगतो, दोन्ही माद्या आहेत. पिंजरा अजून घेतलेला नाही. त्याच्याकडे दोन मजली तारेचा आहे, साधारण २ फूट बाय दीड फूट, तळाला जाळी आणि त्याखाली ट्रे. लेंड्या आपोआप खाली पडतात, साफसफाईचा त्रास नाही, असं त्याचं म्हणणं.

मेहुणा म्हणतो, गच्चीवर पत्र्याचं शेड आहे तिथे ठेवा, घरात वास नको. घर स्लॅबचं, तळमजला आणि वर गच्ची. कूलर फक्त हॉलमध्ये. गल्लीत मांजरं बरीच. आता हवा छान आहे, पण मे महिन्याची धास्ती वाटते. कुणी आपल्या भागात पाळलेत का?

धुळेकर ताई
भाऊ, पिंजऱ्याचं नंतर बघू. आधी मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ डोळ्यांसमोर आणा आणि त्या वेळी तुमच्या घरात सगळ्यात थंड कोपरा कुठला असतो ते ठरवा. पिंजरा त्या कोपऱ्याच्या मापाने करायचा. आपल्याकडे हाच क्रम बरोबर.

या जिवाला आपल्यासारखा घाम येत नाही आणि अंगावर दाट केस. १८ ते २४ अंश त्याला मानवतं. २७-२८ च्या वर पारा गेला की उष्माघाताचा धोका सुरू होतो. आपल्याकडे ४४-४५ होतं. पत्र्याच्या शेडमध्ये मार्चमध्येच ते हातचं जाईल. गच्चीचा विचार सोडा, अगदी हात जोडून सांगते.

पश्चिमेची भिंतही टाळा, ती रात्री दहापर्यंत धग सोडत असते. हॉलमध्ये कूलर आहे ना, मग हॉलच. पण कूलरच्या झोतासमोर नको. झोत बाजूने जाऊ दे, खोली थंड होऊ दे. कूलर चालू असताना समोरची एक खिडकी किलकिली ठेवायची, नाहीतर आत नुसता दमटपणा साचतो आणि यांना श्वासाचा त्रास होतो.

आता पिंजरा. दुकानातला घेऊ नका. एक तर तळाची जाळी. यांचे तळवे मऊ आणि उघडे असतात. तारेवर उभं राहून आधी लाल होतात, मग सुजतात, मग जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. तळ सपाट आणि भरीवच हवा. दुसरं म्हणजे माप. २ बाय दीड म्हणजे ३ चौरस फूट. दोघींना कमीत कमी साडेसात लागतात, १० दिलेत तर उत्तम. वरचा मजला त्यांच्या काही कामाचा नाही. या चढणाऱ्या नाहीत, जमिनीवर पळणाऱ्या आहेत. संध्याकाळी खुशीत आल्या की जागच्या जागी टुणकन उडतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतात. ती धाव घ्यायला लांबी पाहिजे.

मी फॅब्रिकेशनवाल्याकडून ४ फूट बाय अडीच फुटांची चौकट करून घेतली. अर्धा इंची वेल्डमेश जाळी, उंची दीड फूट, वर झाकण आणि त्याला कडी. कोंबडीची जाळी लावू नका, ती लेचीपेची असते, आणि तिच्या मोठ्या भोकांतून उंदीर सहज आत येतात. तळाला जाड फ्लेक्स, त्याच्या कडा चार बोटं वर वळवलेल्या. त्यावर जुने टॉवेल, सगळ्यात वर फ्लीसचं ब्लँकेट. ओल खाली टॉवेलमध्ये उतरते, वरचं कोरडं राहतं. लेंड्या रोज सकाळ-संध्याकाळ छोट्या झाडूने गोळा करायच्या, कपडे तीन-चार दिवसांनी धुवायचे. एवढं केलं तर घरात वास राहत नाही, मेहुण्यांना सांगा.

सॉ मिलचा बारीक भुसा आणू नका, धूळ नाकात जाते. आणि आपल्या घरोघरी कापूस असतो म्हणून त्याची गादीही करू नका. तंतू पायाला गुंडाळला तर रक्त अडतं, पोटात गेला तर आतडं.

शहाबादी फरशीचा एक तुकडा कोपऱ्यात ठेवा. उन्हाळ्यात त्या आपणहून तिच्यावर पोट टेकून पसरतात.

यावलचा केळीवाला
ताईंनी जागेचं सांगितलं, मी लपायच्या घराचं सांगतो. एक्स्पोर्टच्या केळीची खोकी कुठल्याही पॅकहाउसवर मिळतील. उलटं ठेवा आणि दोन दारं कापा. एकच दार ठेवलं तर जोरकस मादी दारात बसते आणि दुसरी आत कोंडली जाते. दोघींना दोन खोकी. कुरतडून संपली की नवीन.

गवत चोवीस तास समोर पाहिजे, दात आयुष्यभर वाढतात आणि चावूनच झिजतात. वाळलेलं मारवेल चांगलं. पण कपाशीच्या बांधावरचं गवत आणू नका, त्यावर फवारणीचा अंश असतो. लसूणघास पूर्ण वाढलेल्या गिनी पिगला रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त, मूतखडे होतात.

अमळनेर
भाऊ, मनं घर धाबानं से, म्हणजे मातीच्या छताचं, मधल्या घरात उन्हाळाभर गारवा राहतो, मी तिथेच ठेवतो. मुंग्यांचं मात्र बघा. काकडी, कोथिंबिरीला लाल मुंग्या येतात. पिंजऱ्याला पाय लावून घ्या आणि जाळीच्या कपाटाला ठेवतो तशा पाण्याच्या वाट्या पायांखाली ठेवा.

आणि घरी नेण्याआधी जनावरांच्या डॉक्टरकडून नर-मादी तपासून घ्या. दुकानात पुष्कळदा चुकतं. मादी महिन्याभराची झाली की गाभण राहू शकते आणि साधारण दोन महिन्यांत पिल्लं होतात.

भुसावळकर
सगळ्यांचे आभार. हॉलमध्ये पूर्वेच्या भिंतीला ४ बाय अडीच बसतंय, मोजलं. दोन शंका. भर दुपारी लाइट गेली तर? आणि मुलीच्या मैत्रिणीचा ससा द्यायचा म्हणतात, तो यांच्यात चालेल?

धुळेकर ताई
ससा नको. त्याची एक लाथ यांच्या बरगड्या मोडू शकते, आणि त्याला न बाधणारे जंतू यांना न्यूमोनिया करतात.

लाइटसाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवा. लाइट गेली की सुती फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात आडवी ठेवायची, एका टोकाला, म्हणजे नको असेल तर त्यांना लांब जाता येतं. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर ओली चादर टाका, अर्धा वाऱ्याला उघडा ठेवा. पाणी दोन ठिकाणी हवं, दुपारी एकदा बदलून. नळीची बाटली असेल तर तिचं टोक रोज बोटाने दाबून पाहा, आतली गोळी अडकली तर बाटली भरलेली दिसते आणि त्या तहानलेल्या राहतात.

एखादी आडवी पडून धापा टाकत असेल, तोंडाला लाळ असेल, तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. साध्या पाण्याने ओलं केलेलं फडकं कानांना आणि पायांना लावत थेट डॉक्टरांकडे न्या.

चौकट आजच टाका करायला. जनावरं यायच्या आधी झाकणाची कडी बसलेली पाहिजे, मांजराला पहिल्याच रात्री वास लागतो.