गडद बिअर आणि चॉकलेटचे गोड पदार्थ : मेळ कसा बसवावा?

ओव्हनवाली (छत्रपती संभाजीनगर) :
नमस्कार. दिवाळीनंतर घरी काही स्नेह्यांना जेवायला बोलावले असून शेवटी कॉफीऐवजी गडद बिअर आणि चॉकलेटचा एखादा पदार्थ द्यावा, असा विचार आहे. वाळूजला बिअरचे मोठे कारखाने असले तरी आपल्याकडच्या दुकानांत फिकट लागर बिअरचाच भरणा असतो, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्या भावाला दोन-तीन प्रकार आणायला सांगणार आहे. अडचण अशी की, आयरिश पद्धतीची स्टाउट (भाजलेल्या बार्लीची काळसर बिअर) नुसती घेतली तर छान लागते, पण तीच चॉकलेट केकबरोबर पाणचट आणि काहीशी आंबट वाटते. दोन्हींना भाजल्याचा खमंग वास असताना असे का व्हावे? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

लातूरकर :
ताई, याचे कारण केकमधल्या साखरेत आहे. जीभ त्या गोडीला सरावली की बिअरमधला माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा) मुळातच बेताचा गोडवा तिला जाणवेनासा होतो आणि मागे उरतो तो भाजलेल्या बार्लीचा आंबूसपणा आणि हॉप्स या बिअरमध्ये घालायच्या फुलांचा कडवटपणा. गिनेस ड्राफ्टसारख्या स्टाउटमध्ये अल्कोहोल 4.2 टक्क्यांच्या आसपास असते आणि शिल्लक साखरही फार कमी, त्यामुळे क्रीमने माखलेल्या केकपुढे तिचा निभाव लागत नाही. बिअर पदार्थाइतकी तरी गोड असावी, शक्य तर त्याहून कणभर अधिक. एवढे पाळले की निम्मे काम झाले.

वासाचे तुमचे निरीक्षण अगदी योग्य आहे. कोकोच्या बिया काय आणि बार्ली काय, भाजताना त्यांतील शर्करा आणि अमिनो आम्ले यांच्यात सारख्याच जातीच्या प्रक्रिया घडतात आणि त्यांतून तो खमंगपणा येतो. ‘चॉकलेट माल्ट’मध्ये, म्हणजे गडद भाजलेल्या माल्टमध्ये, चॉकलेटचा अंशही नसतो, तरी त्याची स्टाउट कोकोची आठवण करून देते ती यामुळेच.

मी मिल्क स्टाउट सुचवेन. तिच्यात लॅक्टोज घालतात. ही दुधातली साखर बिअरच्या यीस्टला आंबवता येत नाही, म्हणून ती तशीच राहते आणि बिअरला गोडवा व साईसारखा दाटपणा देते. ज्यांना दूध पचत नाही अशा पाहुण्यांना मात्र आधी विचारून घ्यावे. तिच्यासोबत साखर हात राखून घातलेली ब्राउनी करा आणि वर जाड मिठाचे चार खडे चुरडून टाका. मिठाने कडवटपणा दबतो आणि कोको अधिक खुलतो.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. आपल्या उन्हाळ्यामुळे बिअर म्हणजे बर्फासारखी गार, अशी सवय आपल्याला लागली आहे आणि या जोडीत नेमकी तीच आड येते. कोको बटर साधारण 34 अंशांना, म्हणजे तोंडाच्या उबेत वितळते. वरून अतिथंड घोट गेला की ते जिभेवर थिजते आणि चॉकलेट मेणासारखे लागते. बाटली फ्रीजमधून थोडी आधी काढून 10 ते 13 अंशांपर्यंत येऊ द्यावी. आधी एक घोट, मग घास, तो विरघळत असतानाच दुसरा घोट, या क्रमाने घेतल्यास बुडबुडे टाळूवरचा तुपकटपणा धुऊन काढतात आणि पुढचा घास पहिल्याइतकाच ताजा लागतो.

अंबाजोगाईकर :
70 टक्के कोकोच्या चॉकलेटबरोबर इम्पीरियल स्टाउट (स्टाउटचाच अधिक कडक प्रकार) द्यावी असे सर्रास सांगितले जाते, परंतु दोन्ही कडू असल्याने तिसऱ्या घासाला जीभ थकते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी जर्मनीतील म्युनिकच्या परंपरेतली डॉपेलबॉक ही कडक, माल्टप्रधान लागर मागवावी. तिला भाजलेल्या पावाची आणि कॅरमेलची चव असते आणि कडवटपणा अगदी कमी. इम्पीरियल स्टाउट आणायचीच असेल तर तिच्यात बहुधा 8 टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असते हे ध्यानात ठेवून लहान पेल्यात 100 मिलिलिटरच द्यावी.

जालनेकर :
वरील सूचनांत आमच्या मोसंबीची भर घालतो. दिवाळीच्या सुमारास आंबे बहाराची (हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या हंगामाची) मोसंबी मिळतात; त्यांच्या सालींच्या पट्ट्या पाणी बदलत तीनदा उकळाव्यात, साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवाव्यात आणि वाळल्यावर अर्ध्यापर्यंत गडद चॉकलेटमध्ये बुडवाव्यात. पोर्टर या स्टाउटच्या जवळच्या गडद बिअरबरोबर ही पट्टी चावली की सालीतले तेल आधी नाकात जाते, मागून कोको येतो आणि पोर्टरचा करपट खमंगपणा त्या दोहोंना सांभाळून घेतो. जेवणानंतर केकचा जड तुकडा नको असणाऱ्यांसाठी मला हाच पदार्थ सर्वांत योग्य वाटतो.

ओव्हनवाली :
सर्वांचे मनापासून आभार. भावाला मिल्क स्टाउट, डॉपेलबॉक आणि मिळाल्यास पोर्टर आणायला सांगते. जालनेकर, साली दोन दिवस आधी करून ठेवल्या तर चालेल का?

जालनेकर :
अवश्य चालेल, उलट तेच बरे. फक्त चॉकलेटमध्ये बुडवण्यापूर्वी साली हाताला अजिबात ओलसर लागता कामा नयेत, कारण वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचे चार थेंब गेले तरी त्याचा रवाळ गोळा होतो.