नागपूरचे पाहुणे, हातात शनिवार-रविवार-सोमवार: क्रम कसा लावू?

मुलुंडकर
दिवाळीनंतर काका-काकू, चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं (९ आणि १३) मुंबईला येताहेत. मी धरून सात जण, मुक्काम मुलुंडला. काकांचे गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. यादीत घारापुरी, सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), गेटवे, फोर्टजवळचं म्युझियम, राणीबाग (भायखळ्याचं प्राणिसंग्रहालय), बाणगंगा (वाळकेश्वरचा तलाव), मरीन ड्राइव्ह. गर्दी टाळायला घारापुरी सोमवारी ठेवावी म्हणतोय. गाडी काढणार नाही. जमेल का?

लोकलवाला
सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. कान्हेरीचंही तेच. तेव्हा घारापुरी शनिवारी, आणि सकाळी नऊच्या सुमाराच्या बोटी सोडू नका. अकरानंतर गेटवेला तपासणीची रांगच अर्धा तास खाते. बोटीला एका बाजूने साधारण तास लागतो. वरच्या डेकचे थोडे पैसे वेगळे घेतात. मुलं हट्ट करणारच, सुटे जवळ ठेवा. लाइफ जॅकेट सगळ्यांनी अंगात घालायचं, मांडीवर ठेवायचं नाही.

धक्क्यावरून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी गाडी जाते, काकांना तीत बसवा. पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर आडोसा असल्यामुळे थांबत थांबत चढता येतं. डोलीवालेही असतात, भाव जाऊन-येऊन मिळून आधीच ठरवा, नाहीतर उतरताना वेगळा वाद. खाऊची पिशवी हातात लटकवू नका, माकडं थेट झडप घालतात.

मुख्य लेण्यात शिरल्या शिरल्या फोटो काढत सुटू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. समोरच्या भिंतीत सदाशिवाची ती प्रचंड मूर्ती. आपल्या डाव्या हाताचा चेहरा उग्र, मिशीवाला, उजव्या हाताचा नाजूक, स्त्रीसारखा, मधला शांत. मुलांना आधी न सांगता फरक शोधायला लावा. मग चार दारांचं लिंगाचं गर्भगृह. प्रत्येक दाराशी दोन-दोन द्वारपाल आहेत. दोन तास पुरतात.

फोर्टातला
रविवार फोर्टला द्या. कचेऱ्या बंद, रस्ते मोकळे, मान वर करून चालता येतं. पण त्याच दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही रूळ बंद! मध्य रेल्वेवर तो बहुतेक अकराच्या आसपास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की मधली काही स्टेशनं गळतात. शनिवारी वेळापत्रक बघा आणि साडेआठलाच मुलुंड सोडा. तिकिटं घरूनच काढा, आणि एसी लोकलमध्ये साधं तिकीट चालत नाही हे पाहुण्यांना आधीच सांगा. फर्स्ट क्लासचंही चालत नाही.

सीएसएमटी (१८८८) समोरच्या बाजूने बघा: फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. तिथून दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौक, मग ओव्हल. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं की पूर्वेला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवरची गॉथिक रांग, पश्चिमेला आर्ट डेकोच्या इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या त्या ह्याच. ऊन चढलं की म्युझियममध्ये शिरा. तिथे स्वच्छतागृहं आहेत, काकू दुवा देतील. संध्याकाळी मरीन ड्राइव्ह. तोवर ब्लॉकही संपलेला असतो. एकच अडचण, फोर्टातली कचेरीवाल्यांच्या जिवावर चालणारी उडपी हॉटेलं रविवारी बरीचशी बंद असतात. डबा न्या, किंवा परतताना दादरला उतरून ‘प्रकाश’ हॉटेलचा साबुदाणा वडा आणि पीयूष.

भायखळा_लोकल
सोमवारी राणीबाग, ती बुधवारी बंद असते. मुलांना पेंग्विन, मोठ्यांना आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय. सकाळच्या गर्दीत सात जण गाडीत चढवणं म्हणजे दोघं फलाटावर राहणार, दहानंतरच निघा. जलद गाडी भायखळ्याला थांबते, पूर्वेला उतरून चालत जाता येतं.

परतीची खरी मेख इथे आहे. संध्याकाळी भायखळ्याहून कल्याणच्या बाजूची जलद गाडी पकडायला जाऊ नका, ती भरूनच येते. उलट सीएसएमटीला जा आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसा.

मुलुंडकर
मग बाणगंगा कधी? आणि टॅक्सीत सात मावतील का?

लोकलवाला
काळी-पिवळी चौघांची, म्हणजे दोन कराव्या लागतील. गेटवेच्या दारात उभे असलेले मीटर टाकायला कुरकुरतात. रीगल सिनेमापर्यंत चालत या आणि धावती टॅक्सी थांबवा. रिक्षा विसरा, वांद्रे-शीवच्या दक्षिणेला ती नाहीच.

बाणगंगा सोमवारी राणीबागेनंतर, दुपारी तीनच्या सुमारास. टॅक्सी वाळकेश्वरला वरच सोडा, खाली गल्ल्या अरुंद आहेत. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तलावाचं पाणी गोडं, हे बघून काका खूश होतील. पायऱ्या शेवाळलेल्या असतात. काकांना वरच्याच पायरीवर बसवा. साडेचारला तिथून निघालात तरच सीएसएमटीला बसायला जागा मिळेल.

भायखळा_लोकल
काका दमले तर बाणगंगा कापा, राणीबाग नको. मुलं ऐकणार नाहीत.